सोळाव्या रांगेतले चिंदरकर

चिंदरकरांनी माझी पिशवी पहिल्यांदा तपासली तेव्हा तिच्यात पाण्याची बाटली, छत्री आणि अर्धा किलो मेथी निघाली. परळच्या आमच्या नादवर्धक मंडळाच्या हॉलवर रविवारी सकाळी मैफल होती. मी बाजार करून परस्पर आले होते. त्यांनी मेथीची जुडी बाहेर काढली, उलटीपालटी करून पाहिली, आत हात घालून चाचपली आणि परत ठेवली. "रेकॉर्डर भाजीत पण लपवतात," ते म्हणाले. ना हसले, ना माफी मागितली. मला भयंकर राग आला. पण खोटं कशाला सांगू, राग येताना मनात हेही आलं की हा माणूस आपल्याच जातकुळीचा दिसतो.

कारण संशय हा माझाही पिंड. बँकेत तीस वर्षं मी सह्या ताडून पाहिल्या. समोरचा माणूस गोड हसला की मी सही दुसऱ्यांदा बघायची. 'द'चं पोट जरा जास्त फुगलेलं दिसलं तरी माझा हात थांबायचा, आणि बहुतेक वेळा तो बरोबर जागी थांबायचा. या नजरेचा मला अभिमान होता. निवृत्तीनंतर मंडळाची सहचिटणीस झाले तेव्हा ती नजर मी घरी ठेवून आले नाही.

वामन चिंदरकर कागदावर हॉलचे व्यवस्थापक होते. प्रत्यक्षात दारं उघडण्यापासून तंबोरे लावण्यापर्यंत आणि घंटा देण्यापासून कबुतरं हाकलण्यापर्यंत सगळं तेच. उंची बेताची, खाकी पँट, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्यांनी जुडग्याला बनियनच्या कापडाची पिशवी शिवली होती. मूळचे मालवणकडचे. गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, मागावर होते, ती बंद पडल्यावर हॉलवर आले. बोलायचे मुंबईचं मराठी, पण डोकं फिरलं की तोंडातून मालवणी यायची. एकंदरीत मालवणीच जास्त यायची.

त्यांचा कोणावरही विश्वास नव्हता. इलेक्ट्रिशियन आला की जाताना त्याची हत्यारांची पेटी उघडायला लावायचे. चहावाल्याने कप मोजून दिले तरी स्वतः मोजायचे. एका गायकाने पेटीतला तंबोरा आणला, म्हणजे बटण दाबलं की आपोआप वाजणारा तो डबा. चिंदरकर त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले. "ह्यो कधीच चुकत नाय?" त्यांनी विचारलं. गायक कौतुकाने म्हणाला, "कधीच नाही." "मग ह्येच्यावर लक्ष ठेवूक व्हया," चिंदरकर म्हणाले, आणि मैफलभर त्या डब्याकडेच बघत बसले.

हॉलविषयी थोडं सांगायला हवं, कारण चिंदरकर आणि हॉल वेगळे काढता येत नाहीत. आमच्या भागातल्या गिरण्यांतल्या माणसांनी तो सुटीच्या दिवशी श्रमदान करून उभा केला. स्टेजच्या सागवानी फळ्या शिवडीच्या एका मोडीत काढलेल्या गोदामातून आल्या. ज्यांनी त्या वाहून आणल्या तेच संध्याकाळी भजनाला बसायचे. स्टेजखाली अकरा मातीचे रांजण उपडे पुरलेले आहेत. कोणा जाणत्याने सांगितलं होतं की त्याने आवाज घुमतो आणि लांब जातो. खरं-खोटं तो जाणे, पण आमच्या हॉलमध्ये माईक नसताना स्टेजवर कुजबुजलं तरी शेवटच्या रांगेत ऐकू येतं. उलट मात्र होत नाही. मागच्या रांगेत कोणी काय बोललं ते स्टेजवर अजिबात पोचत नाही. चिंदरकर म्हणायचे, "म्हणान तर गायक निर्धास्त गातत. मागे काय शिव्या देतत ता त्येंका कळत नाय."

त्या काळी गिरगावात रस्ता अडवून गणपतीपुढे गाणी व्हायची, दादरला नाट्यसंगीताला रांगा लागायच्या, आणि परळ-लालबागचा माणूस रविवारी सकाळी आमच्याकडे यायचा. पाळी संपवून आलेले लोक कानातला कापूस काढून गाणं ऐकायला बसायचे. पुढे गिरण्या गेल्या, माणसं डोंबिवली-विरारला गेली. गिरगावच्या एका हॉलात आता मोबाइलची दुकानं आहेत. आमच्या चारही बाजूंना टॉवर उठले आणि मधे हा कौलारू हॉल कसाबसा राहिला. सोळा रांगा, लाकडी घडीच्या खुर्च्या, वर पंखे. एसी नाही, त्यामुळे मे महिन्यात फक्त खरे श्रोते येतात.

आता सोळाव्या रांगेबद्दल. प्रत्येक मैफलीच्या आधी, दारं उघडण्यापूर्वी, चिंदरकर तंबोरा लावून कोणाच्या तरी हातात देत आणि स्वतः शेवटच्या, सोळाव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर जाऊन बसत. पंखे बंद, खिडक्या उघड्या. स्टेजवरचा माणूस तंबोरा छेडायला लागला की ते डोळे मिटत. चारी तारांचा आवाज एकमेकांत मिसळून तिथपर्यंत आला की उजवा हात वर करत. हात वर गेला म्हणजे 'पोचला'. मग घंटा, मग दारं उघडणार. हात वर गेला नाही तर बाहेर मंत्री उभा असो, दार उघडत नसे. मोठमोठे गवई हा हात वर जाईपर्यंत विंगेत गप्प उभे राहिलेले मी पाहिले आहेत. इतर हॉलमध्ये गायक विचारतात, साउंड कसा आहे? आमच्याकडे विचारत, "चिंदरकरांनी हात केला का?"

एकदा हात वर जाईना. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बाहेर लोक दार ठोठावायला लागले. चिंदरकर उठून स्टेजवर आले, ओणवे झाले, आणि त्यांनी स्टेजवरच्या गालिच्याला हात लावला. गालिचा नवा होता. इथल्या नगरसेवकांनी आदल्याच दिवशी भेट दिला होता आणि ते स्वतः सत्कारासाठी आतच बसले होते. "ह्यो आवाज खाता," चिंदरकर म्हणाले आणि गुंडाळायला लागले. अध्यक्ष दळवीसाहेब धावले. "अहो, असं काय करता! साहेब बसलेत." "बसांदे. त्येंका गुंडाळत नाय मी." गालिचा विंगेत गेला, जुनी सतरंजी आली, तंबोरा परत छेडला आणि तिसऱ्या झंकारालाच हात वर गेला. त्या दिवशी गाणं असं रंगलं की नगरसेवकांनीच उभं राहून दाद दिली. मी मनात म्हटलं, या माणसाचा संशय खरा ठरतो. या गोष्टीचं माझ्या लेखी फार महत्त्व होतं.

पहिल्या रांगेवर त्यांचा खास राग. तिथे पाहुणे, देणगीदार आणि फोटो काढून घेणारे बसतात. "पयल्या रांगेत माणसां दिसाक बसतत," ते म्हणायचे, "शेवटच्या रांगेत ऐकाक." आमच्या मंडळात हे इतकं भिनलं होतं की जुने सभासद आग्रह केला तरी दहाव्याच्या पुढे जात नसत. कोण कुठल्या रांगेत बसतो यावरून माणसाची पारख व्हायची. नवीन सभासद तिसऱ्या रांगेत जाऊन बसला की मागे नजरानजर व्हायची. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, पण आम्ही त्या बाबतीत गंभीर होतो.

मग तीनेक वर्षांपूर्वी गडबड सुरू झाली.

एका रविवारी हात वर गेला नाही. गालिचा नव्हता, पंखे बंद होते. मी स्वतः चौदाव्या रांगेत होते आणि मला तंबोरा स्वच्छ ऐकू येत होता. चिंदरकर उठले, खिडक्या तपासल्या, छतातली कबुतरं हाकलली. तरी नाही. शेवटी दळवीसाहेबांनी स्वतः घंटा दिली. मंडळाच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं.

पुढच्या रविवारी परत तेच. "हॉलचो घसो बसलो," चिंदरकर म्हणायला लागले. "कोणीतरी कायतरी केलानी." रंगाऱ्यांनी भिंतींना तेलकट रंग दिला म्हणून त्यांचा संशय. शेजारच्या टॉवरने वारा अडवला म्हणून संशय. खाली मेट्रोचं खोदकाम झालं, तिने जमीन पोकळ केली म्हणून संशय. मग रांजणांवर गेले. स्टेजची झडप उघडून बॅटरी घेऊन आत शिरले आणि कोळिष्टकांनी माखून बाहेर आले. अकराच्या अकरा रांजण जागेवर होते, एकाला तडा नव्हता. "मग झालं ना समाधान?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच एखादा पळवणार होते. "रांजण तेच आसत," ते म्हणाले. "पण आवाज येता आणि गाणा येत नाय, ह्येचा काय?"

याच सुमारास बिल्डरचा प्रस्ताव आला. हॉल पाडायचा, तिथे टॉवर बांधायचा, आणि गाड्या लावायच्या मजल्यांच्या वर मंडळाला नवं वातानुकूलित सभागृह द्यायचं. दळवीसाहेब प्रस्तावाच्या बाजूने, मी विरुद्ध. रांजणांवरचा सागवानी स्टेज आणि गाड्यांवरचं सभागृह यांत निवड करायला मला क्षणही लागला नाही. सभासद निम्मे इकडे, निम्मे तिकडे. सगळ्यांचं म्हणणं एकच, चिंदरकर काय म्हणतात ते बघू. मला वाटलं, झालं, हॉल वाचला.

पण दळवीसाहेब हुशार. ते ज्याला त्याला सांगायला लागले, "चिंदरकरांसारखा माणूस म्हणतोय की हॉल संपला. आता कशाला जपायचा?" आणि चिंदरकर ते खोडून काढत नव्हते! उलट, विचारलं की म्हणायचे, "बसलो, हॉल बसलो." माझ्यातली बँकवाली जागी झाली. हॉल तर नीट आहे. मला ऐकू येतं, सगळ्यांना येतं. मग हा एकच माणूस नाही का म्हणतो? नेमका आत्ताच का म्हणतो? त्यात कोणाचा फायदा?

मी लक्ष ठेवायला लागले. मैफल सुरू झाली की चिंदरकर पूर्वी सोळाव्या रांगेत असायचे. आता एका रविवारी ते बाराव्या रांगेत दिसले. पुढच्या महिन्यात आठव्या. मग पाचव्या. मी प्रत्येक रांग मनात टिपून ठेवत गेले. आणि दिवाळीनंतरच्या मैफलीला चिंदरकर, ज्यांनी आम्हाला पहिल्या रांगेचा तिटकारा शिकवला ते चिंदरकर, पहिल्या रांगेत बसले. शेजारी कोण? बिल्डरचा आर्किटेक्ट राजे. हॉलची मापं घ्यायला आलेला हा तरुण गाण्याचा नाद असल्याचं सांगून दर रविवारी यायला लागला होता. गाणं चालू असताना तो चिंदरकरांच्या कानाला लागायचा. एकदा नाही, पुन्हापुन्हा. आणि चिंदरकर मान हलवायचे.

माझ्या शेजारी सावंतबाई बसतात, मंडळाच्या जुन्या सभासद. मी त्यांना म्हटलं, "बघितलंत?"

त्या म्हणाल्या, "काहीतरी शिजतंय खरं."

"टॉवरमध्ये खोली कबूल केली असेल."

"देवाला ठाऊक. पण मुलाचा संसार वाढलाय त्यांच्या, लालबागच्या दहा बाय बारामध्ये."

माझ्या दृष्टीने सही जुळली. तीस वर्षांत मी इतक्या खात्रीने कुठलीच सही खोटी ठरवली नव्हती.

विशेष सर्वसाधारण सभा त्याच हॉलमध्ये दुपारी भरली. अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला. मग म्हणाले, "मतदानाआधी आपण आपल्या सर्वांच्या आदरस्थानी असलेल्या चिंदरकरांचं मत ऐकूया." चिंदरकर पहिल्या रांगेत बसले होते. शेजारी त्या दिवशी कोणी नव्हतं, बाहेरच्यांना सभेला परवानगी नव्हती. मी बाराव्या रांगेतून उठले. त्यांना बोलू द्यायचंच नाही, असं मी घरूनच ठरवून आले होते.

मी म्हटलं, "त्याआधी मला सभेला एक गोष्ट विचारायची आहे. चिंदरकर आयुष्यभर सोळाव्या रांगेत बसले. वर्षभरात ते एकेक रांग पुढे सरकत कोणाच्या शेजारी जाऊन बसले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या कानात काय सांगितलं जातं ते मला माहीत नाही. पण ज्या माणसाचा कान विकला गेलाय, त्याच्या कानावर आपण हॉल पाडायचा का?"

सगळे चिंदरकरांकडे बघायला लागले. लोक आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर ते वळले. मागे मी उभी दिसले. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मान हलवली आणि मोठ्याने म्हणाले, "होय, होय. बाई बोलतत ता बरोबर आसा."

ते ऐकल्यावर हॉलमध्ये जो गलका झाला तो मी विसरणार नाही. कोणी शी म्हटलं, कोणी हसलं. चिंदरकर सगळ्यांकडे आळीपाळीने बघत मान हलवत राहिले. मला वाटलं, किती निर्लज्ज! प्रस्ताव मोठ्या फरकाने फेटाळला गेला. दळवीसाहेबांनी राजीनामा दिला. हॉल वाचला, आणि सावंतबाईंनी मला पेढा भरवला.

नंतर कमिटीने ठरवलं की चिंदरकरांना वयोमानामुळे मोकळं करावं. तसं पत्र गेलं. हॉलच्या किल्ल्या मात्र त्यांच्याकडेच होत्या, आणि त्या आणायला मीच जावं असं ठरलं. तोंडघशी मी पाडलं होतं, तेव्हा ते कामही माझंच.

लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. दार उघडंच होतं. चिंदरकर टीव्हीसमोर स्टुलावर बसले होते. टीव्हीवर कोणीतरी गात होतं, आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता. ते गायकाच्या तोंडाकडे एकटक बघत गुडघ्यावर ताल धरत होते. ताल चुकत नव्हता. मी दारातून दोनदा हाक मारली. ते वळले नाहीत.

आतून वहिनी आल्या. चिंदरकरांची बायको, हात पिठाचे. मला ओळखलं, पण या म्हणाल्या नाहीत. "मोठ्यान हाक मारून उपयोग नाय," त्या म्हणाल्या. "हेंका ऐकाक येणा नाय. दोन वर्षां झाली."

मी तिथेच उंबऱ्यावर उभी राहिले.

वहिनी हात पुसत सांगत गेल्या. साळखात्यात मागांच्या खडखडाटात वीस वर्षं काढली, तेव्हाच कान अर्धे गेले होते. पण तिथे सगळेच एकमेकांची तोंडं बघून बोलायचे. ती सवय पुढे कामाला आली. समोरासमोर बोललं तर ओठांवरून कळायचं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. मग उरलेला कानही जायला लागला. "मी म्हटलां, डॉक्टरकडे चला. तर म्हणतत, बोलणा नाय ऐकू येत, पण तंबोरो माका कधीय ऐकू येतलो. तो येत नाय म्हणजे हॉलात कायतरी खोट आसा." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "जगातल्या सगळ्यांवर संशय घेतल्यानी, बाई. स्वतःच्या कानावर तेवढो घेवक नाय."

"आणि तो राजे?" माझ्या तोंडून निघालं. "तो कानात काय सांगायचा?"

"त्येनी एकट्यानच ओळखल्यान," वहिनी म्हणाल्या. "त्येचे वडील असेच होते म्हणे. गाण्याच्या वेळी दोघांची तोंडां स्टेजकडे, मग ओठ कशे दिसतले? उजव्या कानाक अगदी तोंड लावलां तर अजून थोडा कळता, म्हणान तो कानाशी लागान सांगायचो. आता तंबोरो लागलो, आता विलंबित सुरू झाला, आता समेवर इली. ह्ये मान हलवायचे. घरी येऊन माका सांगायचे, आज गाणा चांगला झाला."

मला काय वाटलं ते सांगून टाकते. मला माझी किळस आली. वर्षभर मी त्या दोघांकडे डोळे लावून बसले होते. कानाला लागलेलं तोंड पाहिलं, हललेली मान पाहिली, सरकलेली प्रत्येक रांग टिपली. हॉलमध्ये सगळ्यात बारीक नजर माझी होती आणि एवढं समोर असून मला ते दिसलं नाही. दिसलं त्या बिल्डरच्या माणसाला, ज्याचा मी तिरस्कार करत होते.

"सभेत मी जे बोलले..." मी सुरुवात केली.

"ता माका सावंतबाईनी फोन करून सांगितल्यान," वहिनी म्हणाल्या. "अगदी शब्द न शब्द. हेंका मी सांगूक नाय. माका लाज वाटली. माझी नाय, तुमची."

तेवढ्यात चिंदरकरांची नजर माझ्यावर गेली. ते लगबगीने उठले, स्टूल पुसून मला दिलं. "बाई! इलात! बसा. सभेत तुम्ही माझी बाजू घेतलात, बरा केलात. तो दळवी हॉल पाडूक निघालो होतो." मी समोर होते, ओठ हलवले असते तर त्यांना सगळं कळलं असतं. मी तोंड खाली घातलं. त्यांना वाटलं, बाई संकोचल्या. त्यांनी भिंतीवरून किल्ल्यांचा जुडगा काढला, कापडी पिशवीसकट माझ्यापुढे धरला, आणि मग मागे घेतला.

"एक डाव माका हॉल बघू द्या," ते म्हणाले. "घसो कोणी बसवलो ता कळल्याशिवाय किल्ल्यो देवचंय नाय."

हे सगळं गेल्या वर्षीचं. पुढच्याच महिन्यात चिंदरकर नवरा-बायको कायमचे गावी गेले आणि या गणपतीत तिकडून चिंदरकर वारल्याचा निरोप आला. मंडळाने शोकसभा घेतली. राजे आला होता, सोळाव्या रांगेत बसला होता. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठले नाही. जे सांगायचं ते माझं आधीच एकदा त्या स्टेजवरून सांगून झालं होतं. ते एवढंच.

ते गावी जाण्याआधीची, एका मंगळवारची सकाळ होती, साडेदहाचा सुमार. हॉलमध्ये आम्ही तिघंच. चिंदरकरांनी स्वतः कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, पंख्याचं बटण बंद आहे ना ते दोनदा पाहिलं. तंबोरा लावायला घेतला तेव्हा कान भोपळ्यापाशी नेला नाही, तर हनुवटी लाकडावर टेकवली आणि खुंट्या पिळत गेले. तंबोरा सुरात लागला. लहानपणी मी चार वर्षं गाणं शिकले होते, तेवढं मला कळतं. तो माझ्या हातात देऊन ते खाली उतरले. वहिनी त्यांच्याबरोबर मागे गेल्या. दोघं सोळाव्या रांगेत बसली, ते कडेला आणि त्या शेजारी.

मी तंबोरा छेडला. पंचम, जोड, खर्ज. हॉल भरून गेला. वहिनींच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तो तिथपर्यंत येतोय. चिंदरकरांनी डोळे मिटले होते. मी वाजवत राहिले. हात वर गेला नाही. खूप वेळाने त्यांनी डोळे उघडले, शेजारी बायकोकडे पाहिलं. तिने काही न बोलता मान हलवली, ऐकू येतंय म्हणून. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कमरेचा जुडगा काढला आणि पुढच्या खुर्चीवर ठेवला. कोणावर संशय घ्यायचा ते त्यांना कळलं होतं, आणि आता घ्यायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

मला ते बघवेना. मी तारांवर हात ठेवून तंबोरा थांबवला. आणि साध्या आवाजात, घरात बोलावं तशी, म्हटलं, "चिंदरकर, सभेत मी तुमची बाजू घेतली नव्हती. मी तुमच्यावर आळ घेतला. तुमचा कान विकला गेलाय असं मी सगळ्यांसमोर बोलले. ते खोटं होतं. माझं चुकलं."

एवढ्या लांबून त्यांना माझे ओठ दिसणं शक्य नव्हतं. पण आमचा हॉल चांगला आहे. शब्दन्‌शब्द सोळाव्या रांगेपर्यंत गेला. वहिनी ताठ बसल्या. माझ्याकडे बघत बसल्या, बराच वेळ. मग त्या नवऱ्याच्या कानाकडे वाकल्या, हाताचा आडोसा केला आणि बोलू लागल्या.

काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मागचं स्टेजवर पोचत नाही. 'पोचला' हा एक शब्द सांगायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा त्या कितीतरी जास्त वेळ बोलत होत्या. चिंदरकरांनी एकदा मधे बायकोकडे वळून पाहिलं. वहिनींनी परत सांगितलं. मग त्या सरळ बसल्या आणि दोघंही समोर, माझ्याकडे बघू लागली. मी तंबोरा धरून तशीच बसून होते.

मग चिंदरकरांनी हात वर केला.